साठवलेल्या पाण्याचा धनी

पाणी साठवणाऱ्याने त्या पाण्यापासून होणाऱ्या हानीची किती जबाबदारी घ्यायची, हा प्रश्न भारतात तलावाच्या बांधावर उभा राहिला आणि आज तो कारखान्याच्या गच्चीवरल्या कूलिंग टॉवरपर्यंत येऊन पोहोचला आहे. बंगळूरच्या पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या होसकोटे गावात ही दोन्ही टोके दिसतात. गावाला लागून शेकडो वर्षांचा तलाव आहे आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत पाणी उडवून हवा आणि यंत्रे थंड करणारी सामग्री रात्रंदिवस चालू असते. तलाव फुटला तर गाव वाहून जाई. कूलिंग टॉवरमधले पाणी नासले तर ते न दिसणाऱ्या तुषारांतून लोकांच्या फुप्फुसात जाते. धोक्याचे रूप बदलले तरी पाणी ज्याने साठवले त्याच्यावरचे दायित्व बदललेले नाही, एवढे या इतिहासातून ठामपणे म्हणता येते.

होसकोटे म्हणजे कन्नडमध्ये नवा किल्ला. सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५ च्या सुमारास तो बांधला. नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी येथल्या तलावात उतरते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये तलावाच्या बांधाची लांबी दोन मैल आणि तलाव भरल्यावर पाण्याचा घेर दहा मैल दिला आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात उतरले आणि पुढे बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, सिरा यांच्याबरोबर होसकोटेही त्यांच्या जहागिरीत आले. मराठी वाचकाला हे गाव आणखी एका प्रसंगाने माहीत असते. ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी येथे होती. तिच्यावर हैदरअलीने रात्री छापा घातला आणि त्याला माघार घ्यावी लागली. जहागिरी बदलल्या, फौजा आल्या आणि गेल्या. तलावाला मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी कोणी ना कोणी हात लावावाच लागे.

त्या कामाची व्यवस्था होसकोटेपुरती नव्हती, साऱ्या दक्षिणेत होती. मातीचा बांध दरसाल खचतो, उंदीर-घुशी त्यात बिळे करतात, बांधावर उगवलेल्या झाडांची मुळे त्याला फोडतात. पाणी सोडण्याची मोरी म्हणजे ‘तूबु’ गाळाने बुजते. जादा पाणी वाहून जाण्याची वाट म्हणजे ‘कोडी’ मोकळी राहिली नाही तर पाणी बांधावरून उतरते आणि एका रात्रीत बांध जातो. म्हणून जो तलाव बांधतो किंवा दुरुस्त ठेवतो त्याला जमीन इनाम मिळे. कर्नाटकातल्या शिलालेखांत अशा देणग्यांना ‘कट्टुकोडगे’, ‘दशवंद’, ‘बिट्टुवट्ट’ अशी नावे आहेत. पाण्याची वाटणी आणि मोरीची उघडझाक ‘नीरगंटी’ करी. धुळे-नाशिककडे फड पद्धतीत हेच काम पाटकरी करीत आला. या व्यवस्थेत एक गोष्ट फार शहाणपणाची होती. तलावाचा मान बांधणाऱ्याला मिळे, पण रोजचे उत्पन्न राखणाऱ्याला मिळे. त्यामुळे राखण हे उपकाराचे काम नव्हते, ते पोटाचे साधन होते.

शास्त्रातही तेच दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्याने भरलेल्या तलावाचा बांध फोडणाऱ्याला तिथेच बुडवण्याची शिक्षा सांगितली आहे. तिच्या कठोरपणाची चर्चा नेहमी होते. त्याच ग्रंथातला दुसरा नियम मात्र अधिक महत्त्वाचा आहे. ज्याने पाच वर्षे बांधाचे काम सोडून दिले त्याची त्या बांधावरची मालकी जाते, आपत्तीचा काळ असेल तेवढाच अपवाद. म्हणजे पाण्याची मालकी दस्तऐवजाने टिकत नव्हती, देखभालीने टिकत होती. १३६९ चा पोरुमामिळ्ळचा शिलालेख, तेव्हाच्या विजयनगरच्या मुलखातला आणि आजच्या आंध्रच्या कडपा भागातला, चांगल्या तलावाची बारा साधने आणि सहा दोष मोजून देतो. एक हजार मजूर आणि शंभर गाड्या दोन वर्षे राबल्या हेही त्यात नोंदले आहे. दोषांची यादी दगडावर कोरून ठेवणाऱ्यांना धोका आधी ओळखता येतो हे माहीत होते. हानीनंतर दैवाला बोल लावण्यापेक्षा ही दृष्टी फार पुढची आहे.

म्हैसूर संस्थानात ब्रिटिश आयुक्तांच्या काळात, १८५६ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खाते निघाले आणि गावाकडचे काम हळूहळू खात्याकडे गेले. मुख्य अभियंता रिचर्ड सँकी याने एक गोष्ट ठळकपणे मांडली होती. म्हैसूरचे तलाव सुटेसुटे नाहीत, ते एकाखाली एक असे माळेत ओवलेले आहेत. वरचा फुटला की त्याचा लोंढा खालच्याला फोडतो. एकाचा निष्काळजीपणा दहा गावांना भोवतो. मद्रास इलाख्यात यासाठी १८५८ मध्ये सक्तीच्या श्रमाचा कायदा झाला. बांध फुटण्याच्या बेतात असेल तर गावकऱ्यांना कामावर बोलावण्याचा अधिकार त्याने सरकारी अंमलदारांना दिला.

नेमका याच सुमारास इंग्लंडमध्ये साठवलेल्या पाण्याबद्दलचा सर्वांत गाजलेला खटला उभा राहिला. लँकेशायरमधल्या जॉन रायलँड्स या गिरणीमालकाने गिरणीसाठी तलाव करवून घेतला. जमिनीखाली खाणीचे जुने, बुजवलेले बोगदे होते. १८६० च्या डिसेंबरात तलाव भरताच पाणी त्या बोगद्यांतून शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या खाणीत शिरले. रायलँड्सचा स्वतःचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही. तरीही १८६६ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी आणि १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरले. निसटली तर हानी करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून ठेवतो, ती निसटल्यावर दोष असो नसो, नुकसान त्यानेच भरायचे, असे तत्त्व पडले.

हेच तत्त्व भारतात लागू करायचा प्रयत्न लगेच झाला. तिरुपतीजवळच्या कार्वेटिनगरच्या जमीनदाराच्या हद्दीतले तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वे कंपनीचे पूल वाहून गेले. कंपनीने रायलँड्सचा दाखला देऊन नुकसान मागितले. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दावा फेटाळला. त्यामागची कारणे प्रत्येक कायदेविद्यार्थ्याने एकदा वाचावीत अशी आहेत. तलाव हे या देशात अनादिकाळापासून चालत आलेले सिंचनाचे साधन आहे आणि लोकांचे जगणे त्यावर आहे. जमीनदाराने ते स्वतःच्या हौसेने आणलेले नाहीत आणि तो मनात आले म्हणून ते मोडूही शकत नाही. उलट ते टिकवण्याचे आणि दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे. म्हणून त्याला केवळ पाणी ठेवले या कारणाने जबाबदार धरता येणार नाही. त्याने कर्तव्यात कसूर केली असेल तरच तो जबाबदार.

या निकालाकडे भारतीय मालकाला मिळालेली सूट म्हणून पाहिले जाते. ते अपुरे आहे. रायलँड्सने इंग्लंडात ‘पाणी का आणलेस’ असे विचारले. कार्वेटिनगरने भारतात ‘पाणी कसे राखलेस’ असे विचारले. दुसरा प्रश्न सौम्य नाही. त्याचे उत्तर देताना मालकाला दरवर्षीच्या दुरुस्तीचा हिशेब मांडावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी साठवलेल्या पाण्याचा नवा धोका मुंबईत कळून आला. तो पुराचा नव्हता, आजाराचा होता. गोदीची बांधकामे चालू असताना कोट भागात मलेरियाने थैमान घातले. ग्लेन लिस्टन यांनी ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास शहरातला वाहक असल्याचे दाखवले, आणि चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवरचा अहवाल १९११ मध्ये आला. हा डास दलदलीत नव्हे, तर घराच्या विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, स्वच्छ पाण्यात वाढतो. धोका प्रत्येक घरमालकाच्या अंगणात होता.

उपाय सोपा नव्हता. विहिरी बुजवायच्या म्हटल्यावर पारशी आणि हिंदू कुटुंबांनी हरकत घेतली, कारण धर्मकार्याला विहिरीचे पाणीच लागे. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही जागेवर आहे. शेवटी अनेक ठिकाणी विहीर राहिली, पण तिच्यावर जाळी किंवा डास शिरणार नाही असे झाकण बसले. यातून जी पद्धत तयार झाली ती मुंबईच्या गच्च्यांवर अजून चालते. टाकीला घट्ट बसणारे झाकण असावे, हवेच्या नळीला जाळी असावी, तपासनिसाला वर चढता यावे म्हणून लोखंडी शिडी असावी. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस शिडी चढतो, झाकण उचलतो, पाण्यात बॅटरीचा झोत टाकून अळ्या पाहतो. अळी सापडली की मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१ ‘ब’ खाली सोसायटीला नोटीस जाते, आणि दुर्लक्ष केले तर खटला. डास कोणाला चावला, कोण आजारी पडले, हे सिद्ध करण्याची येथे गरज नाही. टाकी उघडी ठेवणे हाच कसुरीचा पुरावा. इमारतीच्या पाण्याबद्दल मालकाला आधीच जबाबदार धरणारी याहून स्पष्ट भारतीय परंपरा दुसरी नाही, आणि तिचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही.

श्वासातून जाणाऱ्या पाण्याचाही विचार कायद्याने केला होता. कापड गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम दमटपणा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी पाण्याचे तुषार सोडले जातात. दूषित पाणी वापरले तर कामगार दिवसभर तेच हुंगणार. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १५ मध्ये म्हणून अट आली: असे पाणी सार्वजनिक पुरवठ्यातून किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातून घ्यावे, नाहीतर वापरण्याआधी पुरेसे शुद्ध करावे. तुषाराचे पाणी पिण्याच्या पाण्याइतके चांगले असावे हे गिरणीसाठी मान्य झाले होते. पुढे ऑफिसे, हॉटेले आणि रुग्णालये वातानुकूलित झाली तेव्हा हा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

त्याची किंमत आधी अमेरिकेत कळली. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. घरी परतल्यावर माणसे तापाने आणि न्यूमोनियाने पडू लागली. २२१ आजारी, ३४ मृत. पुढच्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड यांनी कारण असलेला जिवाणू शोधला आणि माजी सैनिकांवरून त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. तोवर हॉटेल बंद पडले होते. गिऱ्हाईकच येईनासे झाल्याने नोव्हेंबर १९७६ मध्ये मालकांनी दारे लावली. न्यायालयाच्या आधी बाजाराने शिक्षा दिली होती.

लिजिओनेला नद्या-तळ्यांत नैसर्गिकपणे असतो आणि तिथे फार थोडा असतो. २० ते ४५ अंश सेल्सियसच्या उबेत, साचलेल्या पाण्यात, गंज, क्षार आणि शेवाळाच्या थरात तो वाढतो. पाण्यातल्या अमिबांच्या पोटातही तो तग धरतो, म्हणून वरवरचे क्लोरीन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी प्यायल्याने सहसा आजार होत नाही. बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो. माणसाकडून माणसाला तो जवळजवळ पसरत नाही. साधारण दोन ते दहा दिवसांनी ताप, खोकला, धाप लागते. पन्नाशीपुढचे, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि फुप्फुसांचे जुने आजार असलेले अधिक धोक्यात असतात. पेनिसिलिन गटातली नेहमीची औषधे येथे चालत नाहीत, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागते. आजार वेळेत ओळखला नाही तर चुकीच्या औषधावर मौल्यवान दिवस जातात.

कूलिंग टॉवर जवळून पाहिला की धोका लगेच ध्यानात येतो. गरम पाणी वरून प्लास्टिकच्या नागमोडी पत्र्यांवर शिंपडले जाते, डोक्यावरचा मोठा पंखा हवा वर ओढतो, थोडे पाणी वाफ होते आणि उरलेले थंड होऊन खालच्या हौदात पडते. हौदाच्या कोपऱ्यात हात फिरवला तर बुळबुळीत थर लागतो. पत्र्यांवर पांढरे क्षार साचलेले असतात. पंख्यापाशी तुषार अडवणारी जाळीदार अडसर असते. ती तुटलेली असेल तर वाऱ्यावर थेंब रस्त्यापर्यंत जातात. पाणी उडून जाते तसे क्षार मागे राहतात आणि पाणी जड होत जाते, म्हणून ठरावीक वेळी थोडे पाणी काढून टाकून नवे भरावे लागते. होसकोटे-कोलार पट्ट्यातले बोअरवेलचे पाणी मुळातच जड असते, त्यामुळे थर लवकर धरतो. पाणीटंचाईत टँकरचे पाणी किंवा प्रक्रिया केलेले सांडपाणी टॉवरला वापरले तर काळजी आणखी वाढते. पाणी वाचवणे योग्यच आहे, मात्र त्याबरोबर जंतुनाशकाची मात्रा आणि तपासणी वाढवावी लागते.

पाश्चात्त्य देशांत मालकाची जबाबदारी कशी ठरत गेली याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्या बॅरो-इन-फर्नेस गावचे आहे. ऑगस्ट २००२ मध्ये तिथल्या नगर परिषदेच्या कला केंद्राच्या शीतयंत्रणेतून निघालेले तुषार शेजारच्या गल्लीत पसरले. सुमारे १८० आजारी, सात मृत. पाण्यावरची प्रक्रिया देखभालीच्या करारातून वगळली गेली होती, असे खटल्यात पुढे आले. परिषदेवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, तो टिकला नाही. आरोग्य आणि सुरक्षा कायद्याखाली मात्र परिषदेला १,२५,००० पौंड दंड झाला, आणि या कामाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यालाही १५,००० पौंड. ब्रिटनमध्ये १९९२ पासून कूलिंग टॉवर असल्याची नोंद स्थानिक संस्थेकडे करणे बंधनकारक आहे. न्यूयॉर्कला तेवढी नोंदही २०१५ पर्यंत नव्हती. त्या उन्हाळ्यात साउथ ब्रॉन्क्समध्ये १३८ लोक आजारी आणि १६ मृत झाल्यावर शहराने महिन्याभरात कायदा केला आणि प्रत्येक टॉवरची नोंदणी व नियमित तपासणी सक्तीची झाली.

होसकोटेत १९९८ मध्ये व्होल्वोचा ट्रकचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर औद्योगिक वसाहती आणि गोदामे वाढत गेली. शेतांच्या जागी पत्र्याची शेडे आली आणि त्यांच्या मागे पाण्याच्या टाक्या. या पाण्यासाठी भारतात लिजिओनेलावरचा स्वतंत्र कायदा नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळू नये अशी अट आहे, लिजिओनेलाचे नाव त्यात नाही. तरीही मालक मोकळा नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेले कलम ७-अ भोगवटादारावर कामगारांच्या आरोग्याची सर्वसाधारण जबाबदारी टाकत असे, आणि कंपनी असेल तर तिचा संचालकच भोगवटादार धरला जाई. भारतीय न्याय संहितेत जीवघेण्या आजाराचा संसर्ग पसरेल असे निष्काळजी कृत्य कलम २७१ खाली येते आणि निष्काळजीपणाने मृत्यू कलम १०६ खाली. दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीवर १९८६ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती भगवतींच्या घटनापीठाने दिलेला निकाल याहून पुढे जातो. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला रायलँड्सच्या नियमातले अपवादही मिळणार नाहीत, असे त्यात ठरले. कूलिंग टॉवर त्या व्याख्येत बसवायचा की कार्वेटिनगरच्या कसोटीने तोलायचा, हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी करता येतो. कार्वेटिनगरची कसोटी अधिक योग्य वाटते, कारण टॉवर बंद करणे हा उपाय नाही, तो राखणे हा आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. बॅरोमध्ये रुग्णांचा जिवाणू आणि यंत्रणेतला जिवाणू ताडून पाहता आला. भारतात न्यूमोनियाचा रुग्ण आला की लिजिओनेलासाठी लघवीची तपासणी नेहमी होत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी रुग्णालयाच्या पाण्यात हा जिवाणू नोंदवला आहे, म्हणजे तो येथे आहे. रुग्णाची तपासणी झाली नाही तर आजाराला नाव मिळत नाही, आणि आजाराला नाव नसेल तर तो कोणत्या हौदातून आला हे कोणी शोधायला जात नाही. मुंबईच्या डासांच्या कायद्याला ही अडचण कधीच आली नाही, कारण तिथे रुग्ण शोधावा लागत नाही, झाकण उचलून पाहिले की पुरते. कूलिंग टॉवरलाही तसाच नियम लावता येण्यासारखा आहे: नगरपालिकेकडे नोंद, हौद धुतल्याची तारीख, जंतुनाशकाची मात्रा, तुषार अडवणारी अडसर शाबूत असल्याचा शेरा आणि ठरावीक महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल. या पाच गोष्टी एका वहीत मावतात, आणि ती वही टॉवरच्या शिडीपाशीच टांगलेली असली पाहिजे.